तिसऱ्या कप्प्यातला चेहरा

फार जुनी गोष्ट आहे. तरी तिचे वर्ष नेमके सांगता येते. उंच पठारावर एक लहानसे राज्य होते, आणि तेथील लोक आपल्या पहिल्या राजाच्या राज्याभिषेकापासून वर्षे मोजीत. त्या गणनेचे ते एकोणसाठावे वर्ष. महिना कार्तिक. शरद ऋतू सरत आला होता, आणि सकाळी अंगणात पाय ठेवला की टाचेला थंडी चावू लागली होती.

बालवाचकांनो, आणि त्यांच्या शेजारी बसून ऐकणाऱ्या वडीलधाऱ्यांनो, त्या पठारावर वर्षातील आठ महिने धुके असे. ते सकाळी येऊन दुपारी जाणारे धुके नव्हे. ते घरात शिरे, उंबऱ्यावर बसे, दोरीवरच्या धोतराशेजारी लोंबकळत राही. अशा ठिकाणी माणसाची सावली जमिनीवर पडत नाही. आठ आठ महिने आपली सावली दिसली नाही, म्हणजे आपण आहोत की नाही, असा संशय माणसाला येऊ लागतो.

म्हणून ते लोक पाण्यात दिसणाऱ्या आपल्या चेहऱ्याला फार जपत. विहिरीवर गेलेली बाई आधी वाकून चेहरा पाही, मग घागर सोडी. घरात कोणी आजारी पडले, की काशाच्या वाटीत तेल ओतून ती त्याच्यासमोर धरीत. चेहरा दिसला, तर त्या दिवशी गोडाचे जेवण होई. दिसला नाही, तर कोणी काही बोलत नसे. वाटी पालथी घालीत, आणि त्या माणसाचे दिवस भरले असे समजून वागू लागत. ही गोष्ट ज्याच्या कानावर जाईल त्याच्यावरही तेच सावट येते, असा समज असल्यामुळे ती कोणी कोणाला सांगतही नसे.

या राज्यात एक राणी होती आणि तिची एकच मोटार होती. पठारावरून खाली नदीकाठच्या सूतिकागृहापर्यंत डोलीने जाण्यास दीड दिवस लागे; मोटारीने दोन तास. वाटेत दोन बाळंतिणी दगावल्यावर राणीने ही मोटार आणविली होती. तिचे भाग सुटे करून हमालांनी खांद्यांवरून घाट चढविले आणि वर आणून पुन्हा जोडले. अडलेली बाळंतीण किंवा अत्यवस्थ रुग्ण यांच्याखेरीज तीत कोणी बसावयाचे नाही, असा राणीचा हुकूम होता, आणि तो तिने स्वतःही पाळला.

मोटारीच्या पोटात एक काळी पेटी होती. आता तिची रचना नीट समजून घ्यावी, कारण पुढचे सारे तिच्यावरच अवलंबून आहे. पेटीत तीन कप्पे होते. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या पट्ट्या आंबट पाण्यात बुडालेल्या असत, आणि वर बोटभर रुंदीचे एक छिद्र व त्यास फिरकीचे झाकण असे. मोटार सुरू करणारी शक्ती आणि तिच्या पोटात पडणारी ठिणगी, दोन्ही या पेटीतूनच येत. तिन्ही कप्पे हातात हात धरून उभ्या राहिलेल्या तीन बहिणींसारखे होते. एकीने हात सोडला, तर उरलेल्या दोघींकडून काही होत नसे.

मोटार घाट चढून आली, की पेटीतून बराच वेळ सुस्कारे ऐकू येत. विस्तव नसताना पाणी उकळावे, तसा तो आवाज होता. त्या सुस्काऱ्यांबरोबर कप्प्यांतील पाणी हळूहळू उडून जाई. सुस्काऱ्यांजवळ दिवा नेला तर ते पेट घेतात, म्हणून पेटी उघडावयाची ती भर दुपारी, छपरातल्या झरोक्याच्या उजेडात.

हे काम एकवीस वर्षे एका वृद्ध बाईंकडे होते. सारा वाडा त्यांना आत्याबाई म्हणे. पेटीतील पाण्याचे शिंतोडे उडून त्यांच्या प्रत्येक लुगड्याला बारीक बारीक भोके पडली होती. गुडघे चालेनासे झाले, तेव्हा त्यांनी काम सोडले आणि पठाराच्या दुसऱ्या टोकाला भाच्याच्या घरी राहावयास गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी ते काम नव्या बाईला शिकविले. ही नवी राखणदारीण पन्नाशीची, स्वच्छ, वक्तशीर आणि कष्टाळू होती.

"आत्याबाई, किती पाणी घालायचं ते मला पळ्या मोजून सांगा," राखणदारीण म्हणाली.

"पळ्या मोजून आमटीदेखील नीट होत नाही, आणि हे तर शिशाचं पोट," आत्याबाई म्हणाल्या. "वाकून बघायचं. पट्ट्यांवर नखभर पाणी हवं. असेल तर झाकण लाव. नसेल तर घाल. काठोकाठ भरू नकोस. उतू गेलं तर मोटारीचं लोखंड खाईल."

"आणि पाणी कुठलं?"

"आभाळाचं. श्रावणात बरण्यांवर धुतलेलं फडकं बांधून धरून ठेवलेलं आहे. विहिरीच्या पाण्यात माती असते आणि तीर्थात तुळस असते. माणसाला दोन्ही चांगली, पेटीला नकोत."

"एवढंच ना? सोपं आहे की."

"सोपं वाटतंय तोवर मला विचारायला येत जा," आत्याबाई म्हणाल्या आणि डोलीत बसल्या.

राखणदारीण विचारावयास गेली नाही. दर अष्टमीस दुपारी ती पेटी उघडी, प्रत्येक कप्प्यात तीन पळ्या पाणी घाली आणि झाकणे लावी. वाकले की कंबर धरे, म्हणून ती वाकत नसे. एकीला कमी, एकीला जास्त असा भेद आपल्या हातून होत नाही, याचे तिला समाधान होते. परंतु तिसरा कप्पा यंत्राला लागून होता. त्याला ऊब अधिक पोहोचे, त्यामुळे तो पाणीही अधिक पिई. तीन पळ्यांनी पहिल्या दोघींचे भागत होते. तिसरीचे भागत नव्हते.

अशी सात महिन्यांची समान वाटणी झाल्यावर कार्तिक वद्य अष्टमी आली.

त्या दुपारी राखणदारीण बरणी घेऊन मोटारीच्या छपरीत गेली. आदल्याच दिवशी मोटार एका रुग्णाला पोहोचवून आली होती, तेव्हा पेटी अजून सुस्कारत असावयास हवी होती. पहिला कप्पा सुस्कारत होता. दुसराही सुस्कारत होता. तिसरा गप्प होता.

तिला नवल वाटले, म्हणून सात महिन्यांत प्रथमच ती कंबरेला हात देऊन वाकली. पहिल्या छिद्रात तिला आपला चेहरा दिसला, सुपारीएवढा, नाकातल्या मोरणीसकट. दुसऱ्या छिद्रातही तोच चेहरा तिच्याकडे पाहत होता. मग तिने तिसऱ्या छिद्रात डोकावले.

तेथे काळोख होता, आणि त्या काळोखातून तिच्याकडे कोणीही पाहत नव्हते.

ती बाजूला झाली, पदराने डोळे पुसून पुन्हा वाकली. तोंड अगदी जवळ नेले. आंबट वास नाकात गेला; चेहरा मात्र दिसला नाही. छपरीत इतके धुके शिरले होते, की तिला आपले पाऊलही दिसेना.

तिच्या आईने असेच एकदा काशाच्या वाटीत पाहिले होते, आणि काही न बोलता वाटी पालथी घातली होती. त्यानंतर आई एकोणीस दिवस जगली.

हातात पाण्याची बरणी होती. पळी बरणीतच होती. पण राखणदारिणीने ती उचलली नाही. जेथे आपण दिसत नाही तेथे पाणी सोडणे, म्हणजे जिवंतपणी आपणच आपल्याला तिलांजली देणे, असे तिच्या मनाने घेतले. तिने झाकण फिरविले आणि ती उलट्या पावली छपरीबाहेर आली.

दोन दिवस तिने ते मनात ठेवले. तिसऱ्या दिवशी तिला राहवेना. हे आपल्यापुरतेच आहे का, एवढे तिला पाहावयाचे होते. मोटारीचा चालक छपरीत चाके पुसत होता. तो तिच्या नात्यातला नव्हता, पण वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी काम केल्यामुळे ती त्याला भाऊजी म्हणे आणि तो तिला वहिनी म्हणे.

"भाऊजी, त्या तिसऱ्या झाकणाखाली जरा बघता का? माझी नजर कमी झाली आहे."

"धुक्यातून मोटार हाकतो मी, आणि नजर कमी होते तुमची," चालक हसत म्हणाला. त्याने झाकण काढले आणि डोके खाली घातले. बराच वेळ तो तसाच राहिला. वर आला तेव्हा हसू गेले होते.

"काय दिसलं?" तिने विचारले.

"काय दिसायचं? काळोख."

"आणि?"

"आणि काही नाही." त्याने तिच्याकडे पाहिले. "वहिनी, तुम्ही यात आधी पाहिलं होतंत?"

राखणदारिणीने पेटीकडे पाठ फिरविली. तेवढे त्याला पुरेसे झाले.

"मग मला कशाला पाहायला लावलंत?" तो हळू आवाजात म्हणाला. "घरी म्हातारी आई आहे माझी."

त्याने चाके पुसण्याचे फडके तेथेच टाकले आणि तो निघून गेला. झाकणही त्याने लावले नाही. ते तिने लावले, तोंड फिरवून, हाताने चाचपडत.

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस कारभारी पाहणीस आले. राज्यातील प्रत्येक गोष्ट दर प्रतिपदेस पाहावयाची, हा त्यांचा शिरस्ता होता. ते मोटारीशी येताच राखणदारीण आणि चालक दोघेही दोन दिशांना पाहू लागले, तेव्हा त्यांना संशय आला.

"काय लपवता आहात? पेटी उघडा."

"नको, कारभारीसाहेब," चालक म्हणाला.

"नको म्हणजे? घोड्याचे दात पाहायला मी घोड्याची परवानगी घेत नाही."

कारभाऱ्यांनी स्वतःच झाकणे काढली. पहिल्या छिद्रात पाहून त्यांनी मिशी सारखी केली. दुसऱ्यात पाहून मान हलविली. तिसऱ्यात पाहिले, आणि त्यांचा मिशीवरचा हात तसाच राहिला.

ते विद्वान गृहस्थ होते. त्यांनी चार ग्रंथ वाचलेले होते, आणि कोणत्याही अडचणीवर त्यांच्याकडे विधी तयार असे. थोड्या वेळाने ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "हे छिद्र चेहरे गिळते आहे. तिघांचे गिळले. चौथा जाता कामा नये. पेटीला काळे घोंगडे गुंडाळा, सात गाठी मारा, आणि चाळीस दिवस कोणी उघडू नका. तिघांनीही रोज तेलाचे दान करावे. चाळीस दिवसांनी सावट उतरेल."

"राणीसाहेबांना सांगायचं का?" राखणदारिणीने विचारले.

"त्यांच्या कानावर घालून त्यांच्यावर आणायचं आहे का?"

राखणदारिणीच्या मनात आत्याबाईंना विचारून यावे असेही आले होते. पण ज्या बाईने आपल्याला काम शिकविले, तिच्यावर म्हातारपणी हे सावट कशाला घालावे, असे वाटून तिने तो विचार सोडून दिला. हेतू चांगला होता. घोंगडे गुंडाळले गेले, सात गाठी बसल्या, आणि बरणीभर पाणी पेटीपासून दोन हातांवर फळीवर तसेच राहिले.

आता तिच्या घरचे सांगावयाचे राहिले. राखणदारिणीला एकच मुलगी होती. पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी आली होती, आणि तिचे दिवस पौषात भरावयाचे होते. आपण एकोणीस दिवसांत जाणार, असे राखणदारीण धरून चालली होती. ते एकोणीस दिवस गेले, तरी तिच्या मनातले गेले नाही. आपल्याला नातवंडाचे तोंड दिसणार नाही, याच एका दुःखाने तिला घेरले. ती लुगड्यांच्या घड्या घालून त्यांवर नावे सांगू लागली. कोणते कोणाला द्यावयाचे ते.

"आई, तू कुठे निघाली आहेस का?" मुलगी एके दिवशी म्हणाली. "काल लोणच्याची रीत सांगितलीस, आज डिंकाच्या लाडवांची. बाळंतपण माझं आहे आणि आवराआवर तुझी चालली आहे."

"सांगून ठेवलेलं बरं असतं."

"मग हेही सांगून ठेव, मूल झालं की त्याला अंघोळ कोण घालणार? मला तर मांजर धरता येत नाही."

राखणदारीण चुलीकडे वळली. मुलगी तिच्या पाठीकडे पाहत राहिली.

"आई, माझ्याकडे बघ तरी. हल्ली तू कुठेच बघत नाहीस. पाणी भरतेस तेसुद्धा डोळे मिटून."

ते खरे होते. चेहरा दिसणार नाही या भीतीने तिने विहिरीत पाहणे सोडले होते. चालकही हौदाकडे पाठ करून तोंड धुई. कारभारी ताटलीतले पातळ वरण आधी भाताने झाकून टाकीत. तिघे एकमेकांना भेटले म्हणजे वाऱ्यापावसाचे बोलत, आणि एकमेकांच्या डोळ्यांत पाहणे टाळीत, कारण डोळ्यांतही चेहरा दिसतो.

मार्गशीर्षाच्या अखेरीस मोटार एका रुग्णासाठी बाहेर काढावी लागली. सुरू करताना ती कण्हली. तीनदा कण्हली, तेव्हा कोठे चालू झाली. परत आल्यावर चालक कारभाऱ्यांकडे गेला.

"पेटीत आता जीव राहिलेला नाही, साहेब. एकदा सोडून पाहू या का?"

"किती दिवस झाले?"

"सत्तावीस."

"मग तेरा राहिले. अर्ध्यावर विधी मोडलेला मी ऐकलेला नाही."

चालक परत फिरला. खरे सांगावयाचे तर त्यालाही बरेच वाटले. पेटी सोडली असती, तर पाहावयास त्यालाच सांगितले असते.

पौष शुद्ध नवमीस सकाळी राखणदारिणीच्या मुलीला कळा सुरू झाल्या. दुपार झाली, तरी सुटका होईना. सुईण बाहेर येऊन हात धुऊ लागली, आणि वर न पाहता म्हणाली, "मूल आडवं आहे. माझ्या हातचं नाही हे. मोटार काढा, दोन तासांत खाली पोहोचली तर दोघंही राहतील."

मुलीला उचलून मोटारीत निजविले. राखणदारिणीने तिचे डोके मांडीवर घेतले. चालकाने कळ दाबली.

आतून एकदा टक् असा आवाज झाला. पुढचे दिवे विझत्या कोळशासारखे लाल झाले, आणि ते लालही हळूहळू आत ओढले गेले. मग काहीच नाही.

त्याने पुन्हा दाबली. त्याने पुढची दांडी घालून दोन्ही हातांनी फिरविली. चार गडी लावून मोटार उतारापर्यंत ढकलली. चाके फिरली, पण ठिणगी पडली नाही. ठिणगी त्याच पेटीतून यावयाची होती.

"घोंगडं सोडा," चालक म्हणाला. "सोडा ते. काय व्हायचं ते होऊ द्या."

कारभारी धावत आले होते. धुक्यात ते मोटारीच्या पुढे उभे राहिले. "आज एकोणचाळीस दिवस आहेत," ते म्हणाले. "उद्या सोडा. एका दिवसासाठी—" येथे त्यांना मोटारीतली मुलगी दिसली, आणि त्यांचे वाक्य अपुरे राहिले. ते बाजूला झाले. पण तोवर सोडूनही काही उपयोग नव्हता. शिसे कोरडे पडून कित्येक दिवस झाले होते.

डोली आणली. आठ भोई लागले. राखणदारीण डोलीच्या दांडीला हात धरून चालू लागली. घाटात धुके इतके दाट होते, की पुढच्या भोयाला मागचा दिसत नव्हता. केवळ पावलांचा आवाज एकापुढे एक चालला होता.

दुसऱ्या वळणावर मुलीने पडदा बाजूला केला.

"आई?"

"मी आहे."

"कुठे आहेस? मला तू दिसत नाहीस."

"ही काय, तुझ्याजवळच. हात धर माझा."

"हात आहे," मुलगी म्हणाली. "तूच दिसत नाहीस."

राखणदारिणीने आपले तोंड डोलीत घातले, अगदी मुलीच्या तोंडाशी नेले. मुलीचे डोळे उघडे होते. दीड महिना चुकविलेली गोष्ट आता तिला चुकविता आली नाही. त्या डोळ्यांत तिला आपला चेहरा स्पष्ट दिसला, मोरणीसकट. थोड्या वेळाने तो पुसट झाला.

तिसऱ्या वळणावर, अजून उजेड होता तेव्हा, डोली खाली ठेवावी लागली. सुईण बरोबर होती. मूल जगले, ती मुलगी होती. तिची आई गेली.

ज्या तिघांना पेटीत आपला चेहरा दिसला नव्हता, त्या तिघांपैकी कोणालाही साधा तापसुद्धा आला नाही. जिने त्या पेटीत कधी डोकावले नव्हते, ती मात्र गेली.

दिवसकार्य उरकल्यावर राणीने तिघांना मोटारीच्या छपरीत बोलाविले. आत्याबाईंनाही डोलीतून आणविले होते. दुपारची वेळ होती. राणी उभीच होती, आणि तिचा आवाज चढलेला नव्हता.

"मोटार का चालली नाही?"

कारभाऱ्यांनी सारे सांगितले. छिद्राचे, चेहऱ्यांचे, चाळीस दिवसांचे.

"पेटीत पाणी होतं का?" राणीने विचारले.

"चेहरा दिसत नव्हता, राणीसाहेब," चालक म्हणाला.

"मी चेहऱ्याचं विचारलं नाही. पाणी होतं का?"

तिघे एकमेकांकडे पाहू लागले. चेहरा नव्हता, एवढे तिघांनाही ठाऊक होते. पाणी होते की नव्हते, हे एकालाही सांगता येईना.

आत्याबाईंनी कोणाचा हात न घेता घोंगड्याच्या गाठी सोडल्या. एकेक गाठ सुटताना त्या एवढेच म्हणाल्या, "माझ्याकडे यायला अर्धी दुपार लागली असती."

त्यांनी तिसरे झाकण काढले, फळीवरची बरणी मागून घेतली आणि राखणदारिणीला म्हणाल्या, "वाक. आता बघत राहा. डोळे मिटू नकोस."

राखणदारीण वाकली. खाली काळोख होता. आत्याबाईंनी पळीने बारीक धार सोडली. खोल कोठेतरी एक फिका ठिपका उमटला आणि हलू लागला. दुसरी पळी. ठिपक्याला कपाळ आले. तिसरी पळी. दोन खळगे आले, ते डोळे झाले. पाणी चढत होते आणि त्याच्याबरोबर तो चेहरा तळातून वर, तिच्याकडे येत होता. बुडालेले माणूस सावकाश वर यावे तसा. पट्ट्यांवर नखभर पाणी झाले, तेव्हा तो थांबला. तो तिचाच चेहरा होता. तो तिच्याकडे टक लावून पाहत होता, आणि तिला त्याच्यावरून डोळे हलविता येईनात.

"किती पळ्या झाल्या?" आत्याबाईंनी विचारले.

"अकरा," राखणदारीण म्हणाली.

मग चालक वाकला. मग कारभारी वाकले. ज्याचा त्याला चेहरा परत मिळाला. त्यानंतर राणीने चालकाला कळ दाबावयास सांगितले. त्याने दाबली. मोटार हलली नाही. बराच काळ कोरड्या राहिलेल्या पट्ट्या पांढऱ्या पडून मेल्या होत्या, आणि मेलेल्या पट्ट्यांना पाणी लागत नाही.

"मला या कामावरून काढा," राखणदारीण म्हणाली. तिच्या कडेवर झोळीत नात होती. "माझ्या हातून दुसरं काही करून घ्या."

राणीने झोळीतल्या नातीकडे पाहिले.

"काढणार नाही," ती म्हणाली. "या राज्यात आता या छिद्रात तुझ्याइतकं नीट दुसरं कोणी पाहणार नाही. मात्र पळ्या मोजू नकोस. आणि कारभारी, यापुढे आपण प्रतिपदेस याल, तेव्हा काय दिसलं ते मला आधी सांगायचं. त्याचा अर्थ काय, ते मी विचारल्यावर."

खालून नवी पेटी आणावयास माणसे गेली. हमालांच्या खांद्यावरून ती घाट चढून आली, तेव्हा शिशिर लागला होता आणि पठारावरचे धुके प्रथमच थोडे विरळ झाले होते. राखणदारिणीने भर दुपारी तिन्ही झाकणे काढली, तिन्ही छिद्रांत वाकून पाहिले, पहिल्यात एक पळी घातली, दुसऱ्यात काही घातले नाही, तिसऱ्यात दोन घातल्या. त्याच दुपारी पाटलांची अडलेली सून मोटारीतून खाली गेली आणि चौथ्या दिवशी बाळाला घेऊन परत आली. मोटार खाली निघाली तेव्हा राखणदारीण दारात उभी राहून ती वळणाआड जाईपर्यंत पाहत होती. मग आत जाऊन तिने नातीला अंघोळ घातली. ती पुढे चोवीस वर्षे त्या कामावर होती, आणि पेटी पुन्हा कधी कोरडी पडली नाही. परंतु तिसरे छिद्र उघडताना तिचा हात दर वेळी क्षणभर थांबे, असे पाहणारे सांगत.

राज्याच्या एकोणसाठाव्या वर्षी, माघ शुद्ध पंचमीस, शुक्रवारी, हे प्रकरण मिटले.

तात्पर्य : उणीव दिसताच ती भरून काढावी; जो तिचा अर्थ लावीत बसतो, त्याच्या भीतीची किंमत दुसऱ्यालाच द्यावी लागते.